बापूसाहेबांचे मास्तर

मागच्या सुट्टीत इंटर्नशिप केली तेव्हा आम्हा प्रत्येकाला एकेक 'मेंटर' नेमून दिला होता. माझी आणि माझ्या मेंटरसाहेबांची सहा आठवड्यांत दोनदा भेट झाली, त्यातली एक प्रमाणपत्रावर सही घ्यायला. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्या ढिगात माझंही नाव होतं, एवढंच. पण तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला. मंडळाच्या अभ्यासवर्गात मी विचारलं, ह्याला मराठीत काय म्हणायचं? उत्तरं भराभर आली: गुरू, मास्तर, मार्गदर्शक. आमच्या कोल्हापूरच्या मित्राने 'वस्ताद' सुचवलं. तालमीतला वस्ताद पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, पाय इथं टाक. कामाच्या जागी शिकवणाऱ्याला ह्याहून चांगला शब्द मला तरी सापडलेला नाही. शिकणाऱ्याचा शब्दही आपल्याकडे होता, 'उमेदवार'. आता तो निवडणुकीच्या पोस्टरवर गेलाय. पूर्वी वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यात बिनपगारी राहून काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. उमेद असलेला, तो उमेदवार.

मूळ 'मेंटर' हे माणसाचं नाव आहे. होमरच्या ओडिसीत युलिसिस युद्धावर जाताना घरदार ज्या जुन्या मित्राच्या हवाली करून जातो, तो मेंटर. मुलगा टेलेमॅकस मोठा होतो तेव्हा त्याला हिंमत द्यायला अथीना देवी ह्याच मेंटरचं रूप घेऊन येते. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच एक राजपुत्र आहे आणि त्याच्यासोबत राहिलेला एक मोठा माणूस. म्हणून मी ह्या लेखासाठी तशीच एक जोडी निवडली. ऑफिस नाही, कंपनी नाही. शिकायचं काम होतं राज्य करणं, आणि जागा होती देवास.

देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या आधी चाळीसेक वर्षं ह्या गावात एक वेगळीच शिकवणी चालली होती. माळव्यात अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर गेलेले पवार धारला आणि देवासला स्थिरावले. धारची गादी एक, देवासच्या मात्र दोन. तुकोजी आणि जिवाजी ह्या भावांच्या दोन पात्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही राजे एकाच गावात राहायचे, दोघांचे कारभार वेगळे, दोघांनाही पंधरा तोफांची सलामी. दरबारात मराठी, बाजारात माळवी, आणि वर टेकडीवर तुळजाभवानी नि चामुंडामाता. एवढ्याशा गावात दोन राजवाडे, दोन खजिने, दोन मानपान. ही पंधरा तोफांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरल्या पातीच्या गादीवर १८९९ साली तुकोजीराव पवार (तिसरे) आले. जन्म १८८८चा, म्हणजे वय अकरा. इंदूरचं डेली कॉलेज, अजमेरचं मेयो कॉलेज असं संस्थानिकांच्या मुलांचं ठरलेलं शिक्षण झालं. मग पूर्ण अधिकार मिळण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यावर सरकारने त्यांच्यासाठी एक 'ट्यूटर आणि गार्डियन' पाठवला. त्यांचं नाव माल्कम डार्लिंग. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे पदवीधर, १९०४ साली आयसीएसमध्ये आलेले, पंजाबात नेमणूक झालेले. १९०७ साली ते देवासला आले तेव्हा शिक्षक सव्वीस वर्षांचा आणि विद्यार्थी एकोणीस. जवळच्या माणसांसाठी तुकोजीराव 'बापूसाहेब' होते. मीही पुढे तेच नाव वापरतो, कारण ही गोष्ट दरबारातली कमी आणि दोन माणसांतली जास्त आहे.

आता एक गोष्ट सरळ सांगायला हवी, नाहीतर आपण उगाच हळवे होऊ. संस्थानिकांना इंग्रज शिक्षक नेमणं हे काही परोपकाराचं काम नव्हतं. सरकारला आपल्या ऐकण्यातले, हिशेब नीट ठेवणारे, फार डोकं न चालवणारे राजे हवे होते. शिक्षक हा सरकारचा डोळाही असायचा. असं असूनही ह्या पद्धतीतून काही वेळा भलतंच चांगलं निघालं, आणि त्याची दोन उदाहरणं आपल्या मराठी वाचकांना पाठ आहेत.

पहिलं बडोद्याचं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला. लिहिणंवाचणं जवळजवळ शून्यापासून. एफ. ए. एच. इलियट यांनी त्यांना शिकवलं. आणि १८८१ साली, अधिकार हातात येण्याच्या तोंडावर, दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' ह्या नावाने छापली गेली. ह्या व्याख्यानांमध्ये तत्त्वज्ञान कमी आणि काम जास्त आहे. माणसं कशी निवडावीत, कुणाचं ऐकावं नि कुणाचं ऐकू नये, राजवाड्याचा खर्च कसा आवरावा. आजच्या भाषेत हे चक्क जॉब ट्रेनिंग.

दुसरं कोल्हापूरचं. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजातून आल्यावर १८९० ते १८९४ ही वर्षं धारवाडला शिकले. शिक्षक स्टुअर्ट मिटफोर्ड फ्रेझर. फ्रेझरनी मुलांना वर्गात कोंडलं नाही, देश दाखवत फिरवलं. सोबतीला रघुनाथराव सबनीस होते. तेच सबनीस पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले, म्हणजे शिकवणीचा धागा कामाच्या टेबलापर्यंत गेला. शाहूंनी २ एप्रिल १८९४ला सूत्रं हातात घेतली, आणि आठच वर्षांनी, २६ जुलै १९०२ला, मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. हे फ्रेझरनी शिकवलं असं म्हणणं चुकीचं होईल. इंग्रज सरकारच्या कुठल्याच अभ्यासक्रमात ते नव्हतं. ते शाहूंचं स्वतःचं. पण डोळे उघडे ठेवून फिरायची सवय लागली ती ह्याच वर्षांत. फ्रेझर पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडियार (चौथे) यांचेही शिक्षक झाले. त्या काळातल्या दोन फार चांगल्या राजांचा शिक्षक एकच, हा योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आणि आता देवासशी जोड: १९०८ साली बापूसाहेबांचं लग्न झालं ते शाहू महाराजांच्या मुलीशी, राधाबाई अक्कासाहेबांशी. फ्रेझरच्या विद्यार्थ्याची मुलगी डार्लिंगच्या विद्यार्थ्याला दिली. त्याच वर्षी बापूसाहेबांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याच सुमारास डार्लिंग यांचं काम संपलं आणि ते पंजाबला परत गेले. जेमतेम दीड वर्षाची शिकवणी.

दीड वर्षात डार्लिंगनी काय शिकवलं? पुस्तकं वाचली, प्रवास केला, तासन्‌तास गप्पा मारल्या. मुख्य म्हणजे एका एकोणीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्याशी बोलताना सगळे एकतर वाकत होते किंवा हुकूम सोडत होते, पहिल्यांदाच बरोबरीने बोलणारा माणूस मिळाला. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांत हे सर्रास नव्हतं. क्लबात हिंदी माणसाला प्रवेश नाही, जेवणाचं टेबल वेगळं, अशा दिवसांत एक आयसीएस अधिकारी आपल्या विद्यार्थ्याला मित्र म्हणत होता. आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, हे पुढच्या तीस वर्षांनी दाखवून दिलं.

हिशेब मात्र शिकवायचा राहिला. हे माझं मत आहे, कुणी वेगळं म्हणू शकेल. पण बडोद्याच्या व्याख्यानांशेजारी देवासची दीड वर्षं ठेवून पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. माधवराव स्वतः मुरलेले कारभारी होते, त्रावणकोर नि इंदूर पाहून आलेले. डार्लिंग स्वतःच नवे होते. ज्याने अजून स्वतः काम पुरतं शिकलेलं नाही त्याला वस्ताद केलं, की शिष्याला मैत्री मिळते, डाव मिळत नाहीत.

बरं, मैत्री म्हणजे काही कमी आहे का? इथेच गोष्टीत तिसरा माणूस येतो.

डार्लिंग यांचा केंब्रिजपासूनचा एक मित्र होता, ई. एम. फॉर्स्टर. आपल्या कॉलेजच्या इंग्रजी विभागात 'अ पॅसेज टू इंडिया' शिकलेले सगळे त्यांना ओळखतात. फॉर्स्टर यांची भारताची ओढ हीसुद्धा एका शिकवणीतून सुरू झाली. १९०६ साली ते इंग्लंडमध्ये सय्यद रॉस मसूद नावाच्या तरुणाला ऑक्सफर्डला जाण्याआधी लॅटिन शिकवत होते. लॅटिन किती झालं देव जाणे, पण शिक्षकाला भारत बघावासा वाटू लागला. (हेच मसूद पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि ती कादंबरी त्यांनाच अर्पण केली आहे.) १९१२च्या अखेरीस फॉर्स्टर पहिल्यांदा भारतात आले, आणि डार्लिंग यांच्या ओळखीने देवासला पोचले. राजवाड्यात मेजवानी होती, पाहुण्यांना भारतीय कपडे नेसवले गेले. फॉर्स्टर खूश. त्यांना हा हसरा, चेष्टेखोर, मधेच कृष्णभक्तीबद्दल गंभीर होऊन बोलणारा तरुण राजा फार आवडला.

नऊ वर्षांनी, १९२१ साली, बापूसाहेबांना काही महिन्यांसाठी खासगी चिटणीस हवा होता. त्यांनी फॉर्स्टरना बोलावलं. तेव्हा फॉर्स्टर बेचाळीस वर्षांचे, नाव झालेले लेखक, आणि कारभाराचा अनुभव शून्य. त्यांच्याकडे बागा, टेनिस कोर्ट, मोटारी, गेस्ट हाऊस आणि वीजघर दिलं. वीजघर! कादंबरीकाराकडे! नवा राजवाडा वर्षानुवर्षं बांधला जात होता आणि पुरा होत नव्हता. पैसे ओतलेली, अर्धवट सोडलेली कामं सगळीकडे पसरली होती. फॉर्स्टर यांची घरी लिहिलेली पत्रं वाचताना हसू येतं आणि थोडी दयाही. आपण इथे नक्की कशासाठी आहोत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला माझी इंटर्नशिप आठवली.

पण त्या महिन्यांत बापूसाहेब त्यांचे वस्ताद झाले. ही उलटापालट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वयाने नऊ वर्षांनी लहान असलेला राजा, जो दीड वर्ष एका इंग्रजाचा विद्यार्थी होता, तो आता दुसऱ्या इंग्रजाला शिकवत होता. कुणाशी कसं बसायचं, पान कधी घ्यायचं, राग आला तरी कसा गिळायचा. आणि गोकुळाष्टमी. त्या वर्षी देवासच्या जुन्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव दिवसचे दिवस चालला. भजनं, टाळ, गर्दी, गोंगाट, गुलाल, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी देहभान विसरलेला राजा. फॉर्स्टर अनवाणी त्यात उभे होते. ते ख्रिस्ती वातावरणात वाढलेले, पण कुठल्याच धर्मावर विश्वास न उरलेले गृहस्थ. त्यांना त्या सजावटीतली भडक विसंगती खटकत होती, आणि तरीही काहीतरी खरं चाललंय हे जाणवत होतं. आपला राजा गादीपेक्षा देवळातच जास्त रमणारा माणूस आहे, असं त्यांचं मत तिथे पक्कं झालं.

'अ पॅसेज टू इंडिया' त्यांनी १९१३ सालीच सुरू केली होती. सुरुवातीची प्रकरणं घेऊन ते देवासला आले, आणि समोर प्रत्यक्ष देश असताना ती कागदावरची प्रकरणं त्यांना फिकी वाटू लागली. देवासमध्ये ती पुढे सरकली नाही. इंग्लंडला परतल्यावर पूर्ण झाली, १९२४ साली छापली गेली. तिच्या तिसऱ्या भागात, 'टेम्पल'मध्ये, एका हिंदू संस्थानातला कृष्णजन्माचा सोहळा आहे. तो देवासचा आहे. कादंबरी शेवटी विचारते की इंग्रज आणि हिंदी माणूस मित्र होऊ शकतात का, आणि उत्तर देते की अजून नाही, इथे नाही. मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा हे उत्तर मला फार कडू वाटलं. आता डार्लिंग आणि बापूसाहेब माहीत झाल्यावर वाटतं की लेखकाला ह्या उत्तराला अपवाद ठरणारी निदान एक जोडी चांगली ठाऊक होती. ती त्यांनी कादंबरीत घातली नाही. तीस वर्षं थांबून, १९५३ साली, 'द हिल ऑफ देवी' ह्या पुस्तकात घातली. देवीची टेकडी, म्हणजे देवासची.

तोपर्यंत बापूसाहेबांचं काय झालं होतं? वाईट झालं होतं. लग्न टिकलं नाही, अक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या. १९२७च्या अखेरीस युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आश्रयाला गेले आणि वडिलांवर गंभीर आरोप केले. खजिना तर केव्हाच पोखरला होता. छोटं संस्थान, त्यावर पंधरा तोफांचा मान सांभाळायचा, पाहुणे, समारंभ, न संपणारा राजवाडा, आणि कुणालाही नाही म्हणता न येणारा राजा. सरकारने कारभार ताब्यात घ्यायची भाषा सुरू केली. १९३३ साली बापूसाहेब यात्रेला म्हणून दक्षिणेत गेले आणि पाँडिचेरीला, म्हणजे फ्रेंच हद्दीत, जाऊन राहिले. परत आले नाहीत. १९३७ साली तिथेच वारले. एकोणपन्नास वर्षांचे होते. (युवराज पुढे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी झाले. म्हणजे अक्कासाहेबांचा मुलगा आजोबांच्या गादीवर बसला.)

तर मग आपण ह्या मेंटरला किती गुण द्यायचे? विद्यार्थी दिवाळखोर झाला, परागंदा झाला. कुठल्याही कंपनीच्या मूल्यमापनात डार्लिंग नापास.

गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण बघा. देवास सोडल्यावर डार्लिंगनी आयुष्य कशात घातलं? कर्जाच्या अभ्यासात. पंजाबच्या सहकारी पतपेढ्यांच्या खात्यात ते काम करत राहिले, पुढे त्या खात्याचे रजिस्ट्रार झाले. १९२५ साली त्यांचं 'द पंजाब पेझंट इन प्रॉस्पेरिटी अँड डेट' आलं. शेतकरी कर्जात का बुडतो, ह्यावर आजही वाचलं जाणारं पुस्तक. त्यातला मुख्य शोध साधा आणि अस्वस्थ करणारा आहे. कर्ज फक्त गरिबीने वाढत नाही. जमिनीचा भाव वाढला, पत वाढली, की सावकार हात सैल सोडतो आणि कर्जही वाढतं. ज्याची पत मोठी, तो बुडतोही मोठा. पंजाबातल्या जमीनदार शेतकऱ्याबद्दल लिहिलेलं हे वाक्यन्‌वाक्य देवासच्या पंधरा तोफांना लागू पडतं. डार्लिंग यांच्या मनात लिहिताना देवास होतं असा दावा मी करणार नाही. पण ज्या मास्तरांना कर्जाचं शास्त्र एवढं कळलं, त्यांना ते आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला शिकवता आलं नाही, कारण तेव्हा ते त्यांनाही कळलेलं नव्हतं. शिकायला जी वर्षं लागली ती देवासनंतरची.

अभ्यासवर्गात ह्यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाली, मग हा प्रभाव कसला? मैत्री झाली, पण काम बिघडलं. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही, कारण देवासच्या रयतेच्या बाजूने पाहिलं तर बिघडलेल्या कारभाराची किंमत त्यांनी भरली. राजा भक्त होता ह्याचा शेतसारा भरणाऱ्याला काय उपयोग? ही बाजू 'द हिल ऑफ देवी'त जवळजवळ नाही, आणि ते त्या पुस्तकाचं मोठं उणेपण आहे. फॉर्स्टर राजवाड्याच्या गच्चीवरून गाव बघतात, गावातून राजवाडा बघत नाहीत.

आमच्यातल्या एकाने तेव्हा बायबलमधला बर्णबा काढला. रविवारच्या शाळेत गेलेल्यांना आठवेल. पौलावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबा. पण त्याहून जास्त लागू पडणारी गोष्ट पुढची आहे. तरुण मार्क पहिल्या फेरीत अर्ध्यातून सोडून गेला. पुढच्या खेपेला पौल म्हणाला, ह्याला न्यायचं नाही. बर्णबा म्हणाला, न्यायचं. त्यावरून दोघांचं एवढं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला निघून गेला. कामाच्या दृष्टीने पौलाचं बरोबर असेल. कदाचित होतंच. पण मार्कला बर्णबा हवा होता.

डार्लिंग तसे वागले. सरकार बापूसाहेबांवर रुष्ट होतं, वर्तमानपत्रांत वाट्टेल ते छापून येत होतं, आणि डार्लिंग स्वतः त्याच सरकारचे नोकर, बढती त्याच सरकारच्या हातात. अशा वेळी जुन्या विद्यार्थ्याला ओळख न देणं सोपं होतं. त्यांनी मैत्री तोडली नाही. फॉर्स्टरनीही नाही. सगळ्या जगाच्या नजरेत हास्यास्पद ठरलेल्या एका राजाला त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी 'द हिल ऑफ देवी'त प्रेमाने उभं केलं गेलं, ते ह्या साखळीमुळे. डार्लिंग नसते तर फॉर्स्टर देवासला गेले नसते. बापूसाहेबांना दीड वर्षात एका परक्यावर विश्वास ठेवायची सवय लागली नसती, तर त्यांनी दुसऱ्या परक्याला गाभाऱ्यापर्यंत नेलं नसतं.

इथे धारची एक आठवण काढतो, विषय थोडा सोडून. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांचा टिळकांचा पुतळा आपण गिरगाव चौपाटीवर पाहतो, ते धारला गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या स्टुडिओमुळे ते गाव शिल्पकलेसाठी ओळखलं जाऊ लागलं. स्टुडिओत शिकवण्याचा एक फायदा असतो: विद्यार्थ्याच्या हाताखालची माती समोर दिसते. नाक चुकलं तर चुकलेलं दिसतं, लगेच अंगठा लावून सरळ करता येतं. कुमार गंधर्वांचंही तसंच काहीसं. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात ते अकराबारा वर्षांचे असताना आले, आणि देवधरांनी त्यांना आपली नक्कल होऊ दिलं नाही. वेगवेगळ्या घराण्यांचं ऐकवलं, मोकळं सोडलं. १९४८ साली क्षयाने आजारी कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला गेले, वर्षानुवर्षं गाऊ शकले नाहीत, आणि बाहेर आले ते कुणासारखंच नसलेलं गाणं घेऊन. गायनात, शिल्पात गुरूला फळ ऐकू येतं, दिसतं. राज्य शिकवणाऱ्याला ते सुख नाही. माणसांबरोबर करायच्या कुठल्याच कामात ते फारसं नसतं, असं मला वाटायला लागलंय. शिक्षकी, नर्सिंग, समाजकार्य अशा कामांकडे आपल्यातले बरेच जण जाणार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

डार्लिंग निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसले नाहीत. १९४६-४७च्या हिवाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते घोड्यावर बसून सिंधूच्या बाजूने निघाले आणि गावोगाव थांबत, शेतकऱ्यांना प्रश्न विचारत नर्मदेच्या बाजूला पोचले. देश फुटायच्या आधीचे शेवटचे महिने होते ते. सोबत मुलगी होती. त्या प्रवासाचं 'ॲट फ्रीडम्स डोअर' हे पुस्तक १९४९ साली आलं. ज्यांना फाळणीआधीचं खेडं समजून घ्यायचंय त्यांनी ते जरूर मिळवावं. प्रश्न विचारायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे: आधी ऐकतात, मग विचारतात, आणि उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवतात.

आणि शेवटचं पुस्तक, ऐंशी ओलांडल्यावर, १९६६ साली. आयसीएसमधली पस्तीसेक वर्षं, सर ही पदवी, सहकाराच्या क्षेत्रातलं मोठं नाव, एवढं सगळं गाठीशी असताना त्यांनी आठवणींसाठी निवडली ती फक्त पहिली चार वर्षं, १९०४ ते १९०८. त्या पुस्तकाचं नाव 'अप्रेंटिस टू पॉवर'. ज्या वर्षांत ते देवासच्या राजाचे मास्तर होते, त्या वर्षांबद्दल लिहिताना त्यांनी स्वतःला उमेदवार म्हटलं आहे.